होसियतच्या हातचं

होसियत गल्लीतून निघाली की बायका आपापल्या पोरांना घरात बोलवायच्या. ती काही पोरं पळवत नव्हती. कुणाशी चढ्या आवाजात बोलत नव्हती, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती, आणि तिचं अंगण इतकं लख्ख असायचं की तिथं सांडलेलं पीठ उचलून खुशाल मळावं. तिचा गुन्हा एकच. बुखाऱ्याच्या त्या जुन्या मोहल्ल्यात कुणी बाईमाणूस वारलं की तिला शेवटची अंघोळ होसियत घालायची. मुर्दाशूय म्हणतात अशांना. तिची आई हेच करायची, सासूही हेच करायची आणि नवरा हमरो होता तोवर पुरुषांना तो न्हाऊ घालायचा. त्यांच्या सोयरिकी त्यांच्यातच व्हायच्या, कारण बाहेरचं कुणी मुलगी मागायला दारात यायचंच नाही.

आणि मृताला न्हाऊ घालणं हे केवढं पुण्याचं काम, हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायकांना धर्माचं वाचून दाखवणारी ओतिनबाई ते दर गुरुवारी सांगायची. सगळ्या जणी माना डोलवायच्या, डोळे टिपायच्या, आणि होसियत उठून गेली की तिनं वापरलेली गादी उन्हात टाकायच्या. का, म्हणून विचारलं तर कारणांना तोटा नव्हता. एक म्हणायची, तिचे हात गार असतात. दुसरी म्हणायची, ती स्वयंपाकघरात शिरली की पीठ फुगत नाही. तिसरीचं म्हणणं, ती लग्नघरात हसली तर वर्षाच्या आत तिथं रडारड ठरलेली. गार हात! जानेवारीत उघड्या अंगणात पाण्यात हात घालून उभं राहावं आणि मग कुणाचे हात ऊबदार राहतात ते दाखवावं. खरी गोष्ट अशी, की विटाळ आधी ठरलेला होता. कारणं मागाहून गोळा केली होती, आणि एक खोटं पडलं की दुसरं तयार असायचं.

लग्नाला तिला बोलावत नसत. पण तिचा तळतळाटही नको असायचा. म्हणून लग्नाच्या दिवशी पहाटे पुलावाची कढई उतरली की पहिला वाडगा झाकून तिच्या दारात ठेवला जायचा. त्याचा अर्थ, खा आणि घरीच राहा. तो वाडगा परत कुणी नेत नसे. तिच्या हातचं भांडं पुन्हा घरात कोण घेणार? त्यामुळे होसियतच्या फळीवर निळे, हिरवे, सोनेरी काठाचे, कापसाच्या बोंडांची नक्षी असलेले कितीतरी वाडगे उभे होते आणि एकाचाही जोडीदार घरात नव्हता.

अशा घरात गुलसनम वाढली. एकुलती एक लेक. शाळेत तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे, आणि मास्तरीणबाई म्हणायच्या, "तुला मोकळंढाकळं बसायला मिळतंय की गं, बरंच आहे." बोलायला काय जातं! होसियतनं मात्र तेव्हाच ठरवून टाकलं, की या पोरीच्या हाती ते पाण्याचं भांडं द्यायचं नाही. तिला जरीकामाच्या कारखान्यात घातलं. पोरीच्या बोटांत कला होती. मखमलीवर सोन्याची तार अशी बसवायची की नवऱ्या मुली तिच्याच हातचा अंगरखा मागायच्या. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथं तिची आई काय करते हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

तारांची बंडलं पोहोचवायला समंदर नावाचा तांबटांच्या घरातला मुलगा यायचा. जाता-येता बोलणं सुरू झालं, बोलण्याचं पुढे व्हायचं तेच झालं. गुलसनमनं त्याला पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "माझी आई मुर्दाशूय आहे. पळायचं असेल तर आत्ताच पळ."

"मी काय म्हाताऱ्या बायकांसारखा आहे का?" तो म्हणाला. "आपण कुठल्या जमान्यात राहतो!"

जमान्याचं नाव घेऊन मोकळं होणाऱ्या माणसांचा भरवसा धरू नये. पण गुलसनम विशीतली होती आणि त्याचे डोळे चांगले होते. त्यानं आईला एवढंच सांगितलं, की मुलीला वडील नाहीत आणि आई घरीच असते.

त्याची आई मुहतरम. ठसठशीत बाई, तोंडात साखर. रीतीप्रमाणे ती चौकशीला मोहल्ल्यात आली आणि नेमकी होसियतच्या शेजारणीच्या, रैहोनच्या दारात शिरली. रैहोननं मुलीची अशी तारीफ केली की ऐकत राहावं. सोन्यासारखी बोटं, खाली मान घालून चालणं, सगळं सांगितलं. आईच्या कामाचं मात्र अक्षरही काढलं नाही. संध्याकाळी ती कुंपणावरून वाकून होसियतला म्हणाली, "अपा, तुमचं झाकून घेतलं हं मी. दुसरी कुणी असती ना, तर केव्हाच वाटोळं झालं असतं." होसियतनं तिचे हात धरून आभार मानले. कशाचे आभार? जणू घरात चोरीचा माल होता आणि शेजारीण पोलिसांसमोर गप्प राहिली!

मग मागणी घालायला माणसं आली. मुहतरम, तिच्या दोन जावा आणि तिची सासू नुसरत-बीबी. पांढऱ्या कापडात बांधलेले नान, खडीसाखर, हलवा. होसियतनं फळीवरचे वाडगे घासूनपुसून मांडले. मुहतरम एकेक वाडगा उचलून बघत राहिली.

"अगोबाई, एक दुसऱ्यासारखा नाही! मोठी हौस दिसते विहीणबाईंना."

"लोक देतात," होसियत म्हणाली.

"बघा, किती माणसं जोडलीयत!"

गुलसनम चहाची किटली घेऊन लगबगीनं बाहेर गेली, नाहीतर ती तिथंच हसली असती किंवा रडली असती. नुसरत-बीबीनं तिला हाक मारून जवळ बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या नातवानं पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं केलंय." मग मुहतरमच्या थोरल्या जावेनं आणि मुलीच्या बाजूनं बोलावलेल्या होसियतच्या भावानं मिळून नान मोडला. अर्धा मुलीच्या घरी राहिला, अर्धा मुलाकडच्यांनी पांढऱ्या कापडात बांधून नेला. एकदा नान मोडला की शब्द मोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. त्या रात्री होसियतचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या रजयांसाठी कापूस घ्यायला मायलेकी बाजारात गेल्या. तिथं लुली म्हणतात त्या भटक्या जमातीतली एक बाई धुरी देत दुकानं फिरत होती. दृष्ट लागू नये म्हणून दुकानदार लुलींकडून धुरी घेतात, वर नाणं टाकतात तेही लांबून. ती बाई जवळ आली तशी होसियतनं झग्याचा घोळ आवरला आणि लेकीला ओढून बाजूला केलं.

"सर इकडे. शिवेल ती."

"शिवली तर काय होईल, आई?"

"काय होईल म्हणजे? लुली आहे ती."

"आणि आपण?"

"आपण घरदार असलेली माणसं. लाज नाही वाटत तुलना करायला?"

गुलसनमनं हात सोडवून घेतला आणि घरी येईतो ती आईच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. होसियतचं कौतुक सांगताना हे गाळता आलं असतं. पण का गाळावं? जिनं आयुष्यभर हे भोगलं, तिलाही पायाखाली कुणीतरी हवंच होतं. हा रोग असाच टिकतो. ज्याच्या पाठीवर ओझं असतं तो ते फेकून देत नाही, शेजाऱ्याची पाठ शोधतो.

शरद ऋतूतल्या एका सकाळी एक अनोळखी माणूस दारात आला. लांबूनच उभा राहून म्हणाला, "आमच्या बाजूची मुर्दाशूय इस्पितळात आहे. तुम्हाला यावं लागेल. तांबटांच्या गल्लीत नुसरत-बीबी गेल्या."

होसियत उंबऱ्यावर बसलीच. तो माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबला. गुलसनम कारखान्यात जायला निघाली होती, तिनं सगळं ऐकलं.

"ताप भरलाय म्हणून सांगू का?" होसियत कुजबुजली. "म्हणतील म्हणतील आणि दुसरीकडून आणतील कुणाला तरी. मी त्या दारात अशी गेले तर सगळं संपलं गं."

"दुसरी कुठून आणतील? दुपारच्या नमाजापर्यंत दफन व्हायला हवं," गुलसनम म्हणाली. "आणि त्या म्हातारीनं काय करायचं? माझं लग्न होईपर्यंत तशीच पडून राहायचं?"

"तुझ्यासाठीच म्हणतेय मी."

"माहीत आहे. ऊठ." तिनं आईची पिशवी भरली. धुतलेला अंगरखा, कापडी हातमोजे, कापूर. मग पिशवी तिच्या हातात दिली.

फाटकाशी सुतकाचे पट्टे कमरेला बांधलेले पुरुष ओळीनं उभे होते. समंदरही होता. त्यानं तिला पाहिलं आणि खाली आपल्या बुटांकडे बघत राहिला. दोन पावलं पुढे येऊन 'या' म्हणायलाही त्याची जीभ उचलली नाही. आत मुहतरम रडून रडून सुजली होती. होसियतला बघताच तिनं धावत येऊन गळ्यात हात टाकले.

"विहीणबाई! किती लवकर आलात हो! कुणी कळवलं? बघा ना, सकाळपासून सगळे खोळंबलेत, ती मुर्दाशूय काही अजून येत नाही."

"आलेय," होसियत म्हणाली.

मुहतरमला क्षणभर कळलं नाही. मग तिची नजर पिशवीवर गेली. गळ्यातले हात निघाले. खोलीतल्या बायकांचा हुंदक्यांचा सूर मध्येच तुटला.

पण मढं घरात होतं आणि सूर्य वर चढत होता. अंघोळीच्या वेळी पाणी सुनेनं ओतायचं असतं. मुहतरमच्या सख्ख्या बहिणी, जावा, सगळ्या दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि आत त्या दोघीच उरल्या, मधे फळीवर नुसरत-बीबी. मुहतरमनं पाण्यात तांब्या बुडवला.

"आधी मनगटावर घेऊन बघा. कोमट आहे ना? हं, आता खांद्यावरून. हळू." मग होसियत मेलेल्या म्हातारीशी बोलायला लागली, तिची तशी सवय होती. "बीबी, मान वळवतेय हं. झालंच. केस विंचरू या? किती मऊ केस ठेवलेत."

मुहतरमच्या हातून तांब्या सुटला. ती तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "तीस वर्षं या बाईच्या हाताखाली काढली, कधी तिचे केस विंचरले नाहीत मी." होसियतनं तिला उठवलं, कंगवा तिच्या हातात दिला. दोघींनी मिळून केस विंचरले, कफन गुंडाळलं. शेवटी मुहतरमनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "माझ्या पाठच्या बहिणी आत आल्या नाहीत. तुम्ही मला बहिणीपेक्षा जास्त आहात."

होसियतला वाटलं, निभावलं. सकाळची ती भीती उगाच होती. माणसं जवळ आली, दुःखात हात लागले, की सगळं विरघळतं असं आपण ऐकत आलेलो असतो ना? तिनंही ऐकलं होतं. निघताना मयताचे कपडे मुर्दाशूयला द्यायचे असतात. मुहतरमनं ते गाठोडं आणलं, जमिनीवर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरली. मग होसियतनं वाकून ते उचललं.

त्यानंतर समंदर कारखान्यात यायचा बंद झाला. तारा दुसराच कुणी आणून द्यायला लागला. होसियत म्हणायची, घरात सुतक आहे, चाळिसावा दिवस होऊ दे.  गुलसनम रात्रंदिवस दुसऱ्यांच्या लग्नाचे अंगरखे भरत राहायची.

चाळिसावा झाला आणि मुहतरम आली. एकटीच. हातात पांढऱ्या कापडाची पुरचुंडी. तिनं ती गादीवर ठेवली, उलगडली नाही. आत वाळून दगड झालेला अर्धा नान होता, हे उलगडायची गरजही नव्हती.

"माझं काही नाही हो," तिनं सुरुवात केली. "देवाशप्पथ, माझ्या मनात काही नाही. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण लोक. माझ्या धाकट्या दोघी लेकींची लग्नं व्हायचीत. उद्या तुमची मुलगी आमच्या घरात पीठ मळणार, पाहुण्यांना वाढणार. कुणी घास घेईल का?"

"तिनं कधी मयताला हात लावलेला नाही," होसियत म्हणाली.

"मला पटतं हो! पण कुणाकुणाला पटवत बसणार? तुम्ही वेगळ्या आहात, हे मी सगळ्यांना सांगते. त्या लोकांतल्या वाटतच नाही."

खिडकीशी जरीकामाच्या चौकटीवर वाकलेल्या गुलसनमनं मान वर केली. "खाला, समंदर कुठे आहे?"

"बाहेर गाडीत बसलाय."

"आत का नाही आला?"

"त्याचा जीव फार हळवा आहे गं. त्याला सहन होत नाही."

गुलसनम हसली. तिनं पुन्हा सुई उचलली, पण ती मखमलीत काही खुपसली नाही.

आता मुहतरमनं निघायला हवं होतं. नान परत केला, शब्द परत केला, आणखी काय राहिलं होतं? पण ती चुळबुळत बसून राहिली. मग सरकून जवळ आली, आवाज हळू केला.

"होसियत-अपा, एक मागायचंय. नाही म्हणू नका. माझी वेळ येईल ना, तेव्हा तुम्हीच या. आमच्या बाजूची ती बाई धसमुसळी आहे, मयताशी भांडी घासल्यासारखी वागते. तुमच्या हातात काय माया आहे! तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात मला नको. वचन द्या."

होसियतनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. बाळंतपणात गेलेल्या पोरींना तिनं न्हाऊ घातलं होतं, मरेपर्यंत तिच्या सावलीला नावं ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना घातलं होतं. अर्ध्या रात्री, तापात, हमरोच्या मातीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती गेली होती. ती मुहतरमकडे बघत राहिली. ही बाई खरंच आर्जवानं बसली होती, डोळ्यांत खरं पाणी होतं. आपण काय मागतोय हे तिला कळतही नव्हतं, आणि त्यानंच होसियतच्या मस्तकात तिडीक गेली.

"नाही येणार," ती म्हणाली.

"अं?"

"माझ्या मुलीच्या हातचं तुम्हाला चालत नाही. मग माझे हातही नकोत. मेल्यावर तेवढे चालतात होय? मी येणार नाही. कुणालाही शोधा."

"हे कसलं बोलणं! मी किती मानानं..."

"उठा. तुमचा हळवा मुलगा गाडीत वाट बघतोय."

मुहतरम रडत बाहेर पडली, आणि ती मुकाट्यानं गाडीत बसणारी बाई नव्हती. गल्लीतल्या नळावर पाच-सहा जणी होत्या. त्यांच्यापुढे तिनं छाती पिटली. मला म्हणाली, तुझं मढं मी शिवणार नाही! म्हणाली, सडत पड! यातलं दुसरं वाक्य होसियतनं उच्चारलंही नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. लग्न मोडल्याचं कुणी बोलेना. परत आलेल्या नानाचं पाप कुणाच्या माथी, हे विचारायला ओतिनबाईचीही जीभ रेटली नाही. जो तो म्हणत होता, मयताला नाही म्हणते? काळीज आहे की धोंडा? शेवटी जात दाखवलीच ना! इतकी वर्षं गार हातांची आणि न फुगणाऱ्या पिठाची कारणं शोधून लोक दमले होते. आता त्यांना एक खरं कारण मिळालं होतं, आणि ते हातात आल्याचा आनंद लपता लपत नव्हता.

दिवेलागणीला रैहोन आली. कुंपणावरून नाही, आज चक्क दारातून. पण आत आली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली.

"काय केलंत हे, अपा? असं तोडून बोलायला नको होतं. आजवर मी तुमच्यासाठी लोकांशी भांडत आले. आता कुठल्या तोंडानं भांडू?"

होसियत चुलीपुढून उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "कुणाशी भांडलीस?"

"म्हणजे?"

"माझ्यासाठी भांडलीस म्हणतेस ना. कुणाशी?"

"असं काय करता? मुहतरमला मी तुमचं काही कळू दिलं नव्हतं, विसरलात?"

"लपवलंस. त्याचे आभार मी तेव्हाच मानले. भांडलीस कधी ते विचारतेय. गादी उन्हात टाकणाऱ्या कुणाला बोललीस? पोरं आत ओढणाऱ्या कुणाला अडवलंस? एक नाव सांग, रैहोन. मी आत्ता मुहतरमच्या घरी जाऊन तिची माफी मागते."

रैहोननं ओढणी सारखी केली. तिनं नळाकडे बघितलं, समोरच्या दारांकडे बघितलं. प्रत्येक दार तिच्या ओळखीचं होतं आणि प्रत्येक दारामागच्या बाईशी तिचं चांगलं होतं. आतून गुलसनमही येऊन आईच्या मागे उभी राहिली. दोघी थांबल्या. रैहोन खूप वेळ आठवत राहिली.